ओल्या हवेत स्टेनलेस स्टील तापवणाऱ्या नवीन मंडळींसाठी

हाय टेम्परेचर ऑक्सिडेशनमधे, म्हणजे जास्त तापमानाला धातू ऑक्सिजनशी कसा वागतो या कामात, नवीन आला असाल तर स्टेनलेस म्हणजे गंजत नाही हे आधी डोक्यातून काढा. कोरड्या हवेत ६०० डिग्रीला ३०४ (स्टेनलेसचा एक नेहमीचा ग्रेड) खरंच छान टिकतं, वर क्रोमिअम ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि पुढचं ऑक्सिडेशन अगदी मंद होतं. त्याच हवेत वाफ सोडली की चित्र पालटतं, कारण तो थर, ऑक्सिजन आणि पाणी यांच्यातून क्रोमिअम ऑक्सिहायड्रॉक्साइड नावाचा वायू तयार होतो आणि उडून जातो. मग खालचं स्टील क्रोमिअम पुरवत राहतं, पुरवठा कमी पडला की लोखंडाचं ऑक्साइड उसळतं, वर हेमाटाइट (लोखंडाचं एक ऑक्साइड) आणि खाली लोखंड-क्रोमिअमचं मिश्र ऑक्साइड. याला ब्रेकअवे म्हणतात, आणि ते बऱ्याचदा कडा आणि कोपऱ्यांवर आधी सुरू होतं, म्हणून सेक्शन (सॅम्पल आडवं कापून मायक्रोस्कोपखाली बघायचा छेद) काढताना फक्त मधलाच भाग बघू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वजन. तुमचा काटा दाखवतो ती वजावट असते, आत आलेला ऑक्सिजन वजा उडालेलं क्रोमिअम. म्हणजे वजन जवळजवळ वाढलंच नाही याचा अर्थ स्टील उत्तम आहे असा होत नाही, कदाचित क्रोमिअम मुकाट्याने निघून चाललंय. कोरड्या प्रयोगात १ मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर वाढ म्हणजे साधारण ६ मायक्रॉन क्रोमिअम ऑक्साइड, हा हिशोब ओल्या हवेत डोळे झाकून लावू नका, सेक्शनमधे थर मोजा आणि दोन्ही आकडे जुळतात का बघा.

गॅसचा फ्लो पण लिहून ठेवा प्लीज. फ्लो जास्त तर वाफेबरोबर क्रोमिअम जास्त वाहून जातं, त्यामुळे एकाच तापमानाला, एकाच आर्द्रतेला दोन लॅबचे निकाल वेगळे येतात आणि मग लोक भांडत बसतात. पेपरमधे फ्लोच दिला नसेल तर त्या आकड्यांशी तुलना करण्यात फार अर्थ नाही, माझं तरी हेच मत. आणि ऑक्सिजन जवळपास नसलेल्या नुसत्या वाफेत ही उडून जाण्याची भानगड खूप कमी, तरी तिथेही ऑक्सिडेशन वाढतं, म्हणजे सगळं खापर बाष्पीभवनावर फोडता येत नाही.

सेटअपमधे जीव खातं ते पाणी. गॅस ज्यातून सोडायचा तो पाण्याचा बाथ ६० डिग्रीला ठेवून गॅस नीट सॅच्युरेट झाला तर साधारण २० टक्के वाफ मिळते, पण पुढची नळी कुठे थंड राहिली की तिथेच पाणी साचतं आणि सॅम्पलपर्यंत किती पोचलं कोणालाच माहीत नाही, म्हणून फर्नेसच्या तोंडापर्यंत हीटिंग टेप गुंडाळा, आणि बाहेर येणारं पाणी थंड करून गोळा करून एकदा वजन करा, त्याशिवाय टक्केवारी लिहू नका. थंड करताना वाफ बंद करून कोरडा गॅस लावा, नाहीतर सॅम्पलवर थेंब बसतात.

सॅम्पल आरशासारखं चकचकीत पॉलिश केलं म्हणजे चांगलं असंही नाही, घासलेल्या किंवा शॉट पीन केलेल्या (बारीक गोळ्यांचा मारा केलेल्या) पृष्ठभागात क्रोमिअमला वर यायला जास्त मार्ग असतात आणि असा पृष्ठभाग बऱ्याचदा जास्त टिकतो, बॉयलरच्या सुपरहीटर (वाफ आणखी तापवणाऱ्या) ट्यूबला आतून शॉट पीनिंग करतात ते म्हणूनच. एकट्या एक्सआरडीवर (क्ष-किरणांनी ऑक्साइड ओळखण्याची पद्धत) विसंबू नका, मॅग्नेटाइट (लोखंडाचं ऑक्साइड) आणि क्रोमाइट (लोखंड-क्रोमिअमचं ऑक्साइड) यांचे पीक इतके जवळ असतात की नुसत्या त्यावरून ठरवणं धोक्याचं, रामन (लेझरने ऑक्साइड ओळखणं) आणि ईडीएक्स (कुठलं मूलद्रव्य किती ते मोजणं) यांची जोड द्या.

अजून एक, फर्नेसच्या थंड टोकाला पिवळसर डाग दिसले तर ब्रशने कोरडे खरवडू नका. त्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमिअम असू शकतं, ते कॅन्सरकारक आहे. ग्लोव्हज घाला, ओल्या कापडाने पुसा, ते कापड केमिकल कचऱ्यात टाका आणि एक्झॉस्ट कायम फ्यूम हूडमधेच (हवा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) सोडा.