वळताना गाडी घरघरते? आधी आवाज ओळखा, मग पाना उचला

गाडी सरळ जाते तोवर गप्प असते, सोलापुरात सात रस्त्याला वळण घेतलं की पुढून घर्र... ही तक्रार घेऊन गॅरेजला गेलात की पुष्कळदा पाहण्याआधीच उत्तर मिळतं, "एक्सल गेलाय, बदलायला लागंल." (एक्सल म्हणजे इंजिनचा जोर चाकापर्यंत नेणारा दांडा.) कधी ते खरंही असतं. पण ब्रेकच्या डिस्कमागे (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीमागे) अडकलेला खडीचा तुकडाही असाच ओरडतो आणि तो काढायला पैसे लागत नाहीत. म्हणून आवाज नेमका कधी येतो, हे घरून निघण्याआधीच पक्कं करा. पुढचं सगळं पुढच्या चाकांना जोर मिळणाऱ्या गाड्यांसाठी आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या तशाच असतात.

उभ्या गाडीत तपासा

काचा खाली, एसी आणि गाणी बंद. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. आता स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. इथेच आवाज आला तर एक्सल, बेअरिंग आणि ब्रेक यांच्यावरचा संशय जवळजवळ मिटला, कारण चाक फिरलेलंच नाही. उरतात शॉकअपचा वरचा माउंट (शॉकअप वर गाडीला जिथे बसतो ती जागा) आणि पॉवर स्टिअरिंग. कुणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगून पुढच्या स्प्रिंगला बाहेरून हात लावा (बोटं वेटोळ्यांत घालू नका). हाताला कड्‌कन झटका लागला तर माउंटचं बेअरिंग खराब. स्टिअरिंग ऑइलवर चालणारं असेल तर बाटलीतली पातळी बघा. ऑइल कमी झालं की पंप कण्हतो. नुसतं भरून भागत नाही, ते गळतंय कुठून हेही शोधावं लागतं. इलेक्ट्रिक स्टिअरिंगला ऑइलच नसतं, तेव्हा तुमच्या गाडीत कोणतं आहे ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

आता चालवून बघा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला सुट्टीच्या दिवशीचा रिकामा रस्ता यासाठी बरा. विजापूर रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत हे प्रयोग नकोत. स्टिअरिंग पूर्ण वळवून आधी डावीकडे, मग उजवीकडे सावकाश गोल फिरा आणि मधूनच थोडा ॲक्सिलरेटर द्या. पूर्व भागातल्या यंत्रमागासारखी एका लयीत टक-टक सुरू झाली आणि वेगाबरोबर तिची लय वाढली, तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे एक्सलचा चाकाकडचा सांधा, झिजलाय. अगदी शेवटच्या टोकालाच सुर्र असं घासत असेल तर टायर आतल्या प्लास्टिकला लागतोय. रुंद टायर टाकलेल्या गाड्यांत हे नेहमीचं. घासून चकचकीत झालेली जागा डोळ्यांना दिसते. बहुतेकदा निसटलेली क्लिप बसवली की काम होतं.

आवाज चालू असताना ब्रेक हलकेच दाबा. आवाज बदलला किंवा थांबला तर रोख ब्रेककडे.

राहिलं बेअरिंग. त्याची घूं-घूं ४०-५० च्या वेगात नीट कळते. रिकाम्या रुंद रस्त्यावर गाडी किंचित डावी-उजवी करा. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा घरघर वाढली तर बहुधा डावं बेअरिंग.

चाक उचलून खात्री करा

जॅक काळ्या मातीत लावू नका, भार आला की तो रुततो. कडक, सपाट जागा घ्या आणि जॅकखाली जाड फळी ठेवा. शहाबादी फरशी हाताशी असते म्हणून लोक तीच सरकवतात; ती तडकते. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. स्टँड हवाच.

चाक घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. खेळ लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर खालचा बॉल जॉइंट (चाकाला खालून धरून ठेवणारा गोल सांधा). ३ आणि ९ ला धरल्यावरच खेळ असेल तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) बघा. बॉल जॉइंट ढिला असेल तर गाडी चालवत नेऊ नका, टोइंग करून न्या. तो निसटला तर चाक आडवं होतं.

चाक काढल्यावर डिस्कमागचा पातळ पत्रा बघा. उसाच्या ट्रॉल्यांमागून आणि उखडलेल्या रस्त्यांवरून फिरणाऱ्या गाड्यांत तिथे खडी अडकते, पावसाळ्यात चिखलाचा गोळाही. स्क्रूड्रायव्हरने खडा काढा, पत्रा डिस्कला लागत असेल तर हाताने थोडा मागे वाकवा. डिस्क थंड झाल्याशिवाय हात लावू नका. ब्रेक पॅडचा मसाला ३ मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर दोन्ही चाकांचे पॅड एकदमच बदला, आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा.

शेवटी एक्सलचा रबरी बूट, म्हणजे सीव्ही जॉइंटवरचं आवरण. इथल्या उन्हात जुनं रबर कडक होऊन तडकतं, ग्रीस उडून रिमच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे दिसतात, आणि फाटलेल्या जागेतून धूळ आत शिरते. बूट फाटलाय पण टक-टक अजून नाही, तर जॉइंट साफ करून नवं ग्रीस आणि नवा बूट एवढ्यावर भागतं. मला विचाराल तर वर्षातून एकदा नुसते बूट बघणं ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आहे. टक-टक सुरू झाली असेल तर मात्र ग्रीसने काही होत नाही, जॉइंट बदलावाच लागतो.

बेअरिंग घरी बदलायच्या फंदात पडू नका. पुष्कळ गाड्यांत ते प्रेसवर दाबून बसवतात. हातोड्याने ठोकणारा मिस्त्री दिसला तर दुसरीकडे जा. काम झाल्यावर जुना भाग मागून घ्या. जुनं बेअरिंग हातात फिरवल्यावर खरखर किंवा ढिलेपणा जाणवला नाही, तर पैसे देण्याआधी त्याच मिस्त्रीला शेजारी बसवून पुन्हा एक चक्कर मारा.