ल माँला जायचंय? मग आधी या चुका टाळा

कोल्हापुरात मोहितेंच्या ट्रॅकवर कार्टिंगमध्ये दोन-चार चषक मिळाले की पोरं विचारायला येतात, "दादा, ल माँला, म्हणजे फ्रान्सच्या त्या २४ तासांच्या कार शर्यतीला, क्वालिफाय कसं व्हायचं?" विचारावंच. कृष्णराज महाडिक याच कोल्हापुरातून ब्रिटिश फॉर्म्युला-३ शर्यतींपर्यंत गेला. पण त्यानंतर जो तो त्याच चुका करतो आणि बापाचा पैसा पाण्यात जातो, ते बघवत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ड्रायव्हर पात्र ठरतो असं समजणं. ल माँच्या २४ तासांत प्रवेश मिळतो तो संघाला. खासबागेत कुणीही लांग कसून थेट आखाड्यात उतरत नाही, जोड आधी ठरलेली असते, तसंच हे. ६२ गाड्यांची जागा. वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिपचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या जागतिक स्पर्धेचा, पूर्ण हंगाम खेळणारे संघ थेट आत येतात. युरोपियन आणि एशियन ल माँ सिरीजमधल्या ठरावीक विजेत्या संघांना आपोआप निमंत्रण मिळतं. उरलेल्या जागांसाठी अर्ज करायचा, आणि फ्रान्सचा आयोजक क्लब, म्हणजे एसीओ, त्यातून निवड करतो. सिरीज तू जिंकलीस तरी निमंत्रण संघाच्या नावावर येतं. पुढच्या जूनमध्ये त्या गाडीत तूच बसशील असं त्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. म्हणून संघाशी करार करताना 'निमंत्रण मिळालं तर सीट माझी' हे कलम मी आधी शोधतो. ते नसेल तर पुढची पानं वाचतच नाही.

टीव्हीवर दिसतं ते क्वालिफाइंग आणि २०२० पासूनचं हायपरपोल, म्हणजे त्यातल्या सगळ्यात वेगवान गाड्यांची शेवटची फेरी, फक्त गाड्यांचा सुरुवातीचा क्रम ठरवण्यासाठी असतं. प्रवेश त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो.

दुसरी चूक तर मी डोळ्यांदेखत बघितली आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीवाल्यांचा मुलगा, वय २१, हात खरंच चांगला. एका मध्यस्थानं सांगितलं, "जीटी-३ मध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवर बेतलेल्या गाड्यांच्या वर्गात, प्रत्येक गाडीत एक ब्राँझ ड्रायव्हर लागतोच. पोरगं नवं आहे, ब्राँझ म्हणून बसवतो." वडिलांनी बयाणा दिला. मी म्हटलं, "काका, आधी एफआयएची, म्हणजे जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेची, नियमावली उघडा." ते म्हणाले, "भावा, माणूस खात्रीचा हाय." ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम ही वर्गवारी एफआयए करते आणि त्यात वय मोजलं जातं. ब्राँझ हा मुख्यतः तिशीनंतर पहिलं लायसन्स काढणाऱ्या हौशी माणसाचा वर्ग. तिशीच्या आतला पोरगा कितीही नवखा असो, साधारणपणे सिल्व्हरच होतो. झालंही तसंच. संघाकडे सिल्व्हर आधीच होता, त्यांना हवा होता ब्राँझ. सीट गेली, बयाणाही परत आला नाही. तो कागद मी त्या घरच्या टेबलावर पडलेला बघितला: पोराचं नाव, जन्मतारीख, आणि समोर 'सिल्व्हर'. वर्गवारीचा अर्ज करायला मध्यस्थ लागत नाही. आधी वर्ग हातात घ्या, मगच पैशाचं बोला. शॉर्टकट दाखवणाऱ्याला मी चहासुद्धा विचारत नाही.

तिसरी चूक, एकाच झटपट लॅपच्या, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीच्या, मागे लागणं. एन्ड्युरन्सचा संघ तुमचा सर्वोत्तम लॅप बघतो, पण टायर झिजल्यावर, टाकी भरलेली असताना आणि रहदारीत सापडल्यावर काय वेळ येते ते जास्त बघतो. मी पोरांचा लॅपचार्ट घेतो, पहिल्यांदा सगळ्यात वेगवान लॅपवर पेनानं रेघ मारतो आणि शेवटचे दहा लॅप वाचतो. पोरं रागावतात. रागावू देत. ल माँला एका ड्रायव्हरला सहा तासांच्या टप्प्यात चार तासांपेक्षा जास्त आणि एकूण चौदा तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही. पण ते चार तास पहाटे आले तर चालवावेच लागतात. कळंबा तलावाला रोज सकाळी पळणारं पोरगं मला सिम्युलेटरवर रात्र काढणाऱ्यापेक्षा जवळचं वाटतं.

सिम्युलेटर नकोच असं नाही. ल माँला नवख्याला तो सक्तीचा आहे, शिवाय शर्यतीआधीच्या टेस्ट डेला, म्हणजे चाचणीच्या दिवशी, १० लॅप पूर्ण करावे लागतात. १३.६२६ किलोमीटरच्या त्या ट्रॅकचा मोठा भाग एरवी सार्वजनिक रस्ता असतो, त्यामुळे एरवी हवं तेव्हा जाऊन तिथे सराव करता येत नाही.

कोइमतूरच्या कारी ट्रॅकवरून एकदम ल माँची उडी मारू नका. मधला टप्पा एशियन ल माँ सिरीजचा. २०२१ मध्ये नारायण कार्तिकेयन, अर्जुन मैनी आणि नवीन राव यांचा भारतीय संघ तिथेच उतरला होता. दुबई, अबू धाबी आपल्याला युरोपपेक्षा जवळ, आणि हंगाम हिवाळ्यात.

शरीर जपा. २००९ मध्ये कार्तिकेयन ल माँपर्यंत पोचला आणि शर्यतीआधी खांदा निखळल्यामुळे बसून राहिला. २०१२ मध्ये करुण चंडोकनं शर्यत पूर्ण केली, एकूण सहावा आला.

 

आंतरराष्ट्रीय लायसन्स एफएमएससीआयकडून, म्हणजे भारतातल्या मोटरस्पोर्ट संघटनेकडून, वेळेत काढा. वैद्यकीय तपासणी आणि शेंगेन व्हिसा शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.