स्टीरिओ स्पीकरची वायर: निवड आणि जोडणी

वायर आणायला निघण्यापूर्वी स्पीकरच्या मागची पट्टी वाचावी. तिथे स्पीकरच्या विद्युत रोधाचा ४, ६ किंवा ८ ओहम असा आकडा छापलेला असतो, आणि वायर किती जाड घ्यायची हे तो आकडा व अ‍ॅम्प्लिफायरपासूनचे अंतर मिळून ठरवतात. वेष्टनावरची सोनेरी अक्षरे नव्हेत. वायरचा स्वतःचा रोध स्पीकरच्या रोधाच्या ५ टक्क्यांच्या आत राहावा, असा रूढ ठोकताळा आहे. तो वाढला की वूफरवरचा (खालचे स्वर देणाऱ्या मोठ्या पडद्यावरचा) अ‍ॅम्प्लिफायरचा ताबा सैल होतो आणि स्पीकरचा रोध प्रत्येक स्वराला वेगळा असल्यामुळे स्वरांचा तोलही थोडा ढळतो.

१.५ चौरस मिमी छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०१२ ओहम असतो. स्पीकर ५ मीटरवर असेल तर जाणारी आणि परतणारी अशी मिळून १० मीटर तार होते, म्हणजे ०.१२ ओहम; ४ ओहमच्या स्पीकरची मर्यादा ०.२ असल्याने ही वायर चालते. त्याच अंतराला ०.७५ चौरस मिमीची वायर ८ ओहमला पुरते, ४ ओहमला पुरत नाही. १० मीटरपर्यंत जायचे असल्यास सरळ २.५ चौरस मिमी घ्यावी. डाव्या-उजव्या वायरची लांबी तंतोतंत सारखी असण्याची मात्र गरज नाही.

खरेदी करताना टोक ब्लेडने कापून तारेचा छेद पाहावा. वरून तांबूस आणि आतून पांढरट दिसली, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार आहे. तिचा रोध जवळपास दीडपट असतो, त्यामुळे स्वस्त पडली तरी एक माप जाड घ्यावी लागते.

जोडणी अ‍ॅम्प्लिफायर बंद करूनच करावी. साधारण १ सेंटिमीटर आवरण सोलावे, तारा पिळून घ्याव्यात आणि एकही सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकणार नाही हे पाहावे, कारण तेवढ्याने अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. लाल टर्मिनल लालला, काळे काळ्याला. एका बाजूला उलट जोडणी झाली तर बास पोकळ होतो आणि गायकाचा आवाज मधोमध न येता खोलीभर विखुरतो. भिंतीत आधीच टाकलेल्या वायरींची टोके ओळखायची असतील तर ती अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवून त्यांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा: वूफरचा पडदा बाहेर सरकला, की सेलच्या धन टोकाला लावलेली तार लाल टर्मिनलची समजावी.

दुसऱ्या खोलीत आणखी एक जोडी लावण्याचा मोह होतो, तेव्हा ओहमचे गणित पुन्हा करावे. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर, म्हणजे एकाच टर्मिनलांवर, जोडले की ४ ओहम होतात, ४ ओहमचे दोन केवळ २. आणि घरगुती अ‍ॅम्प्लिफायर बहुधा २ ओहमला तापून बंद पडतात. त्यांच्या पाठीवर छापलेली ओहमची किमान मर्यादा पाळावीच.

काही स्पीकरना चार टर्मिनल असतात आणि त्यांना दोन स्वतंत्र वायरी लावण्याची शिफारस केली जाते. एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर त्याने कानाला जाणवेल असा फरक पडत नाही, असे माझे मत. तोच पैसा जाड वायरीत घालावा. वायर एकच लावणार असाल तर टर्मिनलांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या जागच्या जागी ठेवाव्यात, नाहीतर वूफर किंवा ट्वीटर (वरचे स्वर देणारा छोटा भाग) यांपैकी एक मुका राहतो.