चहाचा चोथा कुंडीत टाकण्याआधी धुवाच

आमच्या कोल्हापुरात पाहुणा आला की आधी चहा, मग बाकीची चौकशी. त्यामुळे गाळणीत चोथाही भरपूर. तो तसाच कुंडीत रिकामा केला की चार दिवसांत मुंग्यांची रांग, वर पांढरी बुरशी आणि आंबूस वास. माझ्या मोगऱ्याच्या कुंडीत हेच झालं होतं. दोष चोथ्याचा नाही, त्यातल्या दुधाचा आणि साखरेचा. गुळाचा चहा असला तर मुंग्या आणखी खूश!

म्हणून चोथा गाळणीतच नळाखाली धरा आणि पाण्याचा पांढुरकेपणा जाईपर्यंत धुवा. मग जुन्या ताटात पातळ पसरून दोन दिवस उन्हात. बोटांत चुरला की डब्यात भरा. पावसाळ्यात इथं ऊन कुठलं? तेव्हा धुतलेला ओलाच चोथा वाळक्या पानांबरोबर कंपोस्टच्या बादलीत टाकलेला बरा.

12 इंची कुंडीला महिन्यातून एक मूठ पुरे. खुरप्यानं वरची माती उकरून त्यात मिसळा. नुसता जाड थर दिला तर वाळून पापडी धरते आणि पाणी खाली मुरत नाही. आपली काळी माती पावसात चिकट, उन्हाळ्यात भेगाळलेली. अशी सेंद्रिय भर पडत राहिली की हळूहळू भुसभुशीत होते. चोथ्यात नत्र असतं, पण तो कुजेल तसं सावकाश मिळतं, त्यामुळे शेणखत बंद करू नका.

टी-बॅग असेल तर फाडून आतली पत्तीच घ्या. बऱ्याच पिशव्यांत प्लॅस्टिक असतं.