यिथ्रोचा पराशा मुलांना शिकवताना

पराशा, म्हणजे तोरा या यहुदी धर्मग्रंथातला आठवड्याचा वाचनभाग, आणि पुढारपण यांची सांगड घालायची असेल तर सुरुवात 'यिथ्रो'पासून करा, असं मी आमच्या अलिबाग-रेवदंड्याच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, आईवडिलांना नेहमी सांगते. शेमोथ, म्हणजे तोराचं दुसरं पुस्तक, अध्याय १८ ते २०. दहा आज्ञा यातच येतात, त्यामुळे सगळ्यांना विसाव्या अध्यायाची घाई. तुम्ही मात्र १८:१३ पाशी थांबा.

इस्रायली लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसलाय, लोक ताटकळलेत. त्याचा सासरा यिथ्रो, मिद्यानचा याजक, म्हणजे बाहेरचा माणूस, तोंडावर सांगतो: हे बरं नाही, तूही थकशील, लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर प्रमुख नेम.

खरा वेळ वचन २१ वर द्या. प्रमुख कसा हवा? कर्तबगार, देवाला भिणारा, खरा, लाचेचा तिटकारा असलेला. मुलांना विचारा, चारांपैकी एकच गुण मिळणार असेल तर कोणता घ्याल? भांडू द्या त्यांना. अट एवढीच, प्रत्येकानं वचनावर बोट ठेवून बोलायचं. नुसतं 'मला वाटतं' चालणार नाही. याच वादातून मुलं तोरा शिकतात, पाठांतरातून नाही, असं माझं ठाम मत आहे.

मग शेजारी देवारिमचा, म्हणजे तोराच्या पाचव्या पुस्तकाचा, पहिला अध्याय उघडा. तिथे मोशे हीच हकीकत पुन्हा सांगतो, पण यिथ्रोचं नाव नाही. शेमोथमध्ये माणसं मोशे निवडतो, देवारिममध्ये लोकांना म्हणतो, शहाणी, तुमच्या माहितीतली माणसं तुम्हीच द्या. हा फरक मुलांनाच सापडू द्या, आधी सांगून टाकू नका. मोठ्या मुलांना राशी या मध्ययुगीन यहुदी भाष्यकाराची टीपही वाचून दाखवा: एक तासभर जरी खरा निवाडा केला, तरी तो न्यायाधीश सृष्टीच्या निर्मितीत देवाचा भागीदार.

आता आपल्या आळीत या. अलिबागचं मागेन अबोथ हे आपलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, १८४८ चं. १९४८ नंतर कितीतरी घरं इस्रायलला गेली, उरलेल्यांवर कामं तेवढीच. सिनेगॉगची किल्ली कोणाकडे? मिनयानला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला लागणारे, दहा पुरुष जमवायला फोन कोण करतं? मलिदा या आपल्या धार्मिक नैवेद्याचे पोहे कोण भिजवतं, नारळ कोण खवतं? पावसाळ्यानंतर कबरस्तानातलं गवत कोण काढतं? एकाच काकांचं नाव तीनदा आलं, की मुलं आपणहून म्हणतात, "हे तर मोशेचंच झालं."

तिथे एक काम एका मुलाला पूर्ण द्या. फोनचं काम घेतलेल्या मुलीनं वहीत पेण, रेवदंडा, पनवेल अशी गावं मांडली आणि प्रत्येक गावापुढे तिथला माणूस कोणत्या एसटीनं येतो ते लिहिलं. तिला मध्ये कोणी टोकलं नाही. वचन २२ प्रमाणे लहान बाबी तिनंच ठरवायच्या, अडलं तरच मोठ्यांकडे यायचं.

शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आपण लिहीत नाही, म्हणून वाटणी तोंडीच करा आणि हवदाला, म्हणजे शब्बाथ संपल्याचा विधी, झाल्यावर मुलांकडून वहीत उतरवून घ्या.