बिले आणि कार्डाची देणी एकदम थकली, तर निदान या चुका टाळा

घरखर्चाची बिले आणि क्रेडिट कार्डाची देणी एकाच पगारात बसेनाशी झाली, की बहुतेक माणसे त्याच त्या चुका जवळजवळ त्याच क्रमाने करतात. कर्जवसुलीच्या खात्यात नोकरी केल्यामुळे आणि निवृत्तीनंतर ओळखीच्यांचे हिशेब लावून देत असल्यामुळे मी त्या इतक्या वेळा पाहिल्या आहेत, की समोरच्याने पिशवीतून कागद काढण्याआधीच पुढची हकीकत मला साधारण ठाऊक असते. पैसा अपुरा पडणे ही चूक मी मानत नाही. नोकरी जाते, आजारपण येते, धंदा बसतो, आणि अशा माणसाला ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ असे ऐकवणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा आहे. पैसा अपुरा पडल्यानंतर जे केले जाते, त्याविषयी मात्र बोलायला हवे.

जो जास्त ओरडतो त्याला आधी पैसे देणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. कार्डाच्या वसुलीचे फोन दिवसातून अनेकदा येतात आणि पलीकडचा आवाज चढलेला असतो. घरमालक मात्र महिनाभर संकोचाने गप्प राहतो, वीज कंपनी एक नोटीस पाठवून थांबते, आणि विमा कंपनीची आठवण तर कोणी वाचतही नाही. त्यामुळे हातात आलेला पैसा आपसूक फोन करणाऱ्याकडे जातो. वास्तविक पाहावे ते एवढेच, की हे देणे थकल्यास आपल्या हातून काय जाणार आहे. क्रेडिट कार्ड हे विनातारण कर्ज आहे. ते थकल्यास व्याज आणि दंड चढतात, क्रेडिट स्कोअर घसरतो, पुढे कोर्टाची नोटीसही येऊ शकते, आणि यांतले काहीच क्षुल्लक नाही. तरीही गृहकर्ज किंवा भाडे थकल्यावर राहते घर जाते, आणि वाहनकर्ज थकल्यावर वाहन व त्याच्यावर चालणारा रोजगार जातो, त्या मानाने कार्डाचा फटका उशिरा बसतो आणि तो सावरता येतो.

माझ्याकडे आलेले एक गृहस्थ चांगल्या हुद्द्यावरून कमी झालेले होते. नोकरी गेल्यावरही त्यांनी तीन कार्डांपैकी एकाचीही तारीख चुकवली नव्हती आणि हे त्यांनी मला अभिमानाने सांगितले. ते कसे जमवले, असे विचारल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. पहिल्या कार्डावरून रोख उचलून दुसऱ्याची किमान रक्कम भरायची, दुसऱ्यावरून उचलून तिसऱ्याची, असा याची टोपी त्याच्या डोक्यावर घालण्याचा उद्योग महिनोन्‌महिने चालला होता. कार्डावरून रोख काढली की त्यावर वेगळे शुल्क लागते आणि बिनव्याजी मुदत मिळत नाही, म्हणजे व्याज पहिल्या दिवसापासून धावू लागते. दरम्यान भाडे तुंबले, वीज तोडली गेली आणि आरोग्य विम्याचा हप्ता वाढीव मुदतीतही न भरल्याने पॉलिसी बंद पडली. त्यानंतर काही आठवड्यांतच त्यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया करावी लागली. घरात कार्डे तीन आहेत, हे त्या बाईंना माझ्या टेबलापाशी प्रथम कळले. त्यांनी आरडाओरडा केला नाही, फक्त विम्याचा हप्ता किती होता एवढेच विचारले. त्या महिन्यात कार्डांपायी गेलेल्या रकमेहून तो कमी होता.

म्हणून मी पहिल्या बैठकीत कोरा कागद घेतो आणि सगळी देणी, न भरल्यास होणाऱ्या नुकसानाच्या क्रमाने लिहायला लावतो. अन्न आणि औषधे, घर, वीज-पाणी-इंधन, चालू विमा, कामावर जाण्याचा खर्च, मग तारण असलेली कर्जे, आणि त्यानंतर कार्डे. घरातली दुसरी कमावती किंवा घर चालवणारी व्यक्ती शेजारी बसलेली नसेल, तर मी बैठक पुढे ढकलतो. यासाठी कोणते ॲप चांगले, असे विचारणारे हमखास भेटतात. ॲपला माझी हरकत नाही, पण ते निवडण्यात संध्याकाळ घालवणाऱ्यांची यादी पुढच्या भेटीतही अर्धीच असते.

किमान रक्कम भरली म्हणजे निभावले, असे मानणे

बिलावर छापलेली किमान रक्कम खाते थकीत ठरू नये यासाठी असते, कर्ज फिटावे यासाठी नाही. कार्डावर १०० इतके देणे आहे, व्याज दरमहा ३ टक्के आहे आणि किमान रक्कम थकबाकीच्या ५ टक्के आहे, असे धरा. नवी खरेदी अजिबात न करता वर्षभर इमानेइतबारे किमान रक्कम भरल्यास तुमच्या खिशातून सुमारे ५५ जातात आणि देणे उरते सुमारे ७७. बाकीचे ३२ व्याजात गेले. देणे निम्म्यावर यायला या गतीने अडीच वर्षांहून अधिक काळ लागतो. दरमहा ३ टक्के हा आकडा किरकोळ वाटतो, पण चक्रवाढीने तो वर्षाला सुमारे ४२.६ टक्के होतो, आणि हे गणित करून दाखवल्याशिवाय कोणी विश्वास ठेवत नाही.

त्यातच थकबाकी पुढे ओढली की सहसा नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. म्हणून थकबाकी असलेले कार्ड पाकिटातून काढून कपाटात ठेवावे आणि ऑनलाइन दुकानांतून त्याचा साठवलेला क्रमांकही पुसून टाकावा. त्यानंतर जे काही जास्तीचे जमेल, ते सर्वाधिक व्याजाच्या कार्डावर भरावे आणि बाकीच्यांवर किमान रक्कम. सर्वांत लहान देणे आधी फेडल्याने हुरूप येतो, असे काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही, पण ज्यांचा त्यामुळे नेम टिकतो त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

तोंड चुकवणे

फोन बंद ठेवल्याने व्याज थांबत नाही. तारीख चुकण्यापूर्वी स्वतः फोन करावा, उत्पन्न का घटले, दरमहा किती जमेल आणि केव्हापासून, हे सांगावे, आणि थकबाकीचे हप्ते बांधून मिळतील का, व्याज किंवा दंड कमी होईल का, हे स्पष्ट विचारावे. फोन ठेवण्याच्या घाईत मोठ्या रकमेचा शब्द देणारे पुढच्या महिन्यात पुन्हा खोटे पडतात. लहान रक्कम कबूल करावी आणि पाळावी. जे ठरले, ते त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवावे.

बाकीच्या चुका थोडक्यात. खात्यातून आपोआप होणारी वजावट तशीच चालू ठेवू नये, नाहीतर भाड्याचा पैसा कार्डाकडे जातो किंवा वजावट परत जाऊन वर दंड बसतो. फोनमधील संपर्कयादी मागणाऱ्या झटपट कर्जाच्या ॲपपासून दूर राहावे. निवृत्तीची शिल्लक मोडून कार्ड फेडण्यापूर्वी हप्तेबांधणीचा प्रयत्न संपलेला असावा. सगळी देणी एका स्वस्त कर्जात गोळा करणे चांगलेच, पण जुनी कार्डे बंद केली तरच, कारण रिकामी झालेली कार्डे पुन्हा भरलेली मी वारंवार पाहिली आहेत. आगाऊ शुल्क घेऊन कर्जमुक्ती देऊ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

तडजोडीत काही रक्कम सोडून देण्याची तयारी समोरून दाखवली जाते, तेव्हा अधीर माणूस सुटकेच्या आनंदात लगेच पैसे पाठवतो. आधी रक्कम, मुदत आणि उरलेले देणे माफ असल्याचा उल्लेख असलेले पत्र मागावे. तडजोडीने मिटवलेले खाते क्रेडिट रिपोर्टमध्ये पूर्ण फेडलेल्या खात्यापेक्षा वेगळे नोंदवले जाते आणि पुढचे कर्ज मागताना ते आडवे येते, हे धरूनच होकार द्यावा. पैसे कर्जखात्यातच भरावेत, वसुलीला आलेल्या माणसाच्या हाती रोख देऊ नये, आणि त्यानंतर बाकी नसल्याचा दाखला मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.