पहिल्या महायुद्धातला सैनिकी मोजा: चार सुयांवर, बिनशिवणीचा

१९१४ च्या हिवाळ्यात पश्चिम आघाडीवरच्या खंदकांत गार पाणी साचलं. दिवसेंदिवस ओले राहिलेले पाय बधिर होत, सुजत, पुढे सडत. या ट्रेंच फूटने पहिल्याच हिवाळ्यात ब्रिटिश सैन्यातले सुमारे २०,००० जण जायबंदी केले. त्यावर पाय पुसायचे, देवमाशाचं तेल चोळायचं आणि कोरडे लोकरी मोजे घालायचे. यातले लाखो मोजे स्त्रियांनी विणले. ब्रिटनमध्ये राणी मेरी यांनी १९१४ मध्येच ३,००,००० जोडांचं आवाहन केलं. ऑस्ट्रेलियातून युद्धकाळात साडेतेरा लाखांवर जोड गेले. फावल्या वेळचा विरंगुळा म्हणून या कामाची बोळवण होते, ती अन्यायाची आहे. या मोज्यातली प्रत्येक गोष्ट पाय वाचवण्यासाठी आहे.

एका जोडाला १०० ते ११५ ग्रॅम चारपदरी लोकर लागते, करडी किंवा खाकी. सुती धागा नको. तो पाणी धरून गार पडतो, लोकर ओली झाली तरी ऊब देते. २.७५ मिलिमीटरच्या, दोन्ही टोकं मोकळी असलेल्या चार सुया घ्या. आधी नमुना विणा: १० सेंटिमीटरात २८ टाके यायला हवेत. जास्त आले तर सुया जाड घ्या.

काठ आणि पोटरी. ६० टाके सैल हाताने घाला. दोन सुया एकत्र धरून त्यांवर घातले तर काठ आपोआप सैल होतो. घट्ट काठाने रक्त अडतं, आणि ट्रेंच फूट बळावण्याचं तेही एक कारण होतं. तीन सुयांवर २०-२० टाके वाटा, पीळ पडला नाही ना ते पाहा आणि गोल जोडा. दोन सुलट, दोन उलट असं १० सेंटिमीटर विणा. पुढच्या फेऱ्यात १३ सुलट, दोन टाके एकत्र, असं चार वेळा करा, ५६ राहतील. मग १६ सेंटिमीटर साधं सुलट. सुई बदलताना पहिला टाका ओढून घट्ट करा, नाहीतर तिथे शिडीसारखी फट पडते.

टाच. २८ टाके एका सुईवर घ्या, बाकीचे थांबवा. एक ओळ सुलट, एक उलट, प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलून, अशा २८ ओळी. दोन्ही कडांना १४-१४ फासे दिसले पाहिजेत.

आता वळण. डावी घट म्हणजे एक टाका न विणता उचला, पुढचा सुलट विणा, उचललेला त्यावरून ओढून सोडा. सुलट बाजूने एक उचला, १५ सुलट, डावी घट, एक सुलट, आणि काम उलटवा. मग एक उचला, ५ उलट, दोन एकत्र उलट, एक उलट, उलटवा. यापुढे मधले टाके दर ओळीला एकाने वाढवा (६, ७, ८…). घट नेहमी काम उलटवल्याने पडलेल्या फटीच्या दोन्ही बाजूंचे टाके जोडते. शेवटच्या दोन ओळी घटीवरच संपतात. १६ टाके उरले नाहीत तर उसवा. चूक पुढे झाकली जात नाही.

पाऊल. दोन्ही कडांचे १४-१४ फासे उचला; थांबवलेल्या २८ सह एकूण ७२ होतील. कोपऱ्यात भोक पडू नये म्हणून उचललेले टाके मागच्या बाजूने विणा. पहिल्या सुईवर टाचेचे ८ आणि १४, दुसरीवर वरचे २८, तिसरीवर १४ आणि ८. एक फेरा साधा. पुढच्यात पहिल्या सुईच्या शेवटी दोन एकत्र आणि एक सुलट, तिसरीच्या सुरुवातीला एक सुलट आणि डावी घट. हे दोन फेरे आठ वेळा केले की ५६ उरतात. टाचेच्या मागून २४ सेंटिमीटर होईपर्यंत सरळ विणा.

पंजा. आता दर दुसऱ्या फेऱ्यात चार घटी: पहिली आणि तिसरी सुई वरच्याप्रमाणे, दुसरीच्या सुरुवातीला डावी घट आणि शेवटी दोन एकत्र, दोन्हीकडे कडेचा एक टाका राखून. आठ घटींचे फेरे झाले की २४ टाके राहतात. एकूण लांबी सुमारे २८ सेंटिमीटर.

शेवट शिवायचा नाही. शिवणीची कड बूट घालून मैलोन् मैल चालताना बोटांवर घासते आणि फोड येतात. म्हणून पुढचे १२ आणि मागचे १२ टाके बोथट सुईने एकमेकांत गुंफतात. युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांच्या नावावरून याला किचनर स्टिच म्हणतात. ४० सेंटिमीटर धागा ठेवा. सुरुवातीला पुढच्या पहिल्या टाक्यात उलट, मागच्या पहिल्यात सुलट. दोन्ही सुईवरच ठेवा. मग पुढे: पहिल्यात सुलट घालून सोडा, दुसऱ्यात उलट, ठेवा. मागे: पहिल्यात उलट घालून सोडा, दुसऱ्यात सुलट, ठेवा. धागा ओढून घट्ट करू नका, शेजारच्या टाक्यांइतकाच सैल हवा.

मध्ये लोकर संपली तर गाठ मारू नका. जुना आणि नवा धागा ८ सेंटिमीटर एकत्र विणा. बुटातली गाठ खड्यासारखी रुतते. दुसरा मोजा सेंटिमीटर मोजून विणू नका, फेरे मोजून विणा, नाहीतर जोड लहानमोठा होतो. कोमट पाण्यात धुऊन, सपाट वाळवून जोड एकत्र बांधा; गरम पाण्यात लोकर आटते.